तिसरा नाही

आम्रपालीबाई ओव्हाळांना कुणी 'जरा नमतं घ्या' म्हटलं की त्यांची मान आणखी ताठ व्हायची. ही खोड त्यांच्या आजीची, यमुनाबाईंची. नातीनं रंग उचलला नाही, उंची उचलली नाही, नेमकी खोड तेवढी उचलली. लष्करी रुग्णालयांत परिचारिका म्हणून उभी हयात गेली, मेजरच्या हुद्द्यावरून निवृत्ती झाली, पण खोड काही निवृत्त झाली नाही.

घर विश्रांतवाडीत. नवरा समाधानराव दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला, शांत माणूस. इतकी वर्षं बारुदाशेजारी काढल्यामुळे घरात कसं वागायचं ते मला बरोबर कळतं, असं तो पाहुण्यांना सांगायचा. बाई तेवढं चालवून घ्यायच्या.

खडकीच्या छावणीत एक प्रशिक्षण संस्था आहे. तिचं नाव घेण्याचं कारण नाही. तिथं मित्रदेशांचे लष्करी अधिकारी पूल बांधायला आणि सुरुंग काढायला शिकायला येतात. 'मित्रदेश' हा सरकारी शब्द. ज्यांच्याशी आज भांडण नाही ते सगळे मित्र. कुणी बेटावरचा, कुणी वाळवंटातला, कुणी बर्फातला, आणि सगळ्यांचं इंग्रजी वेगवेगळं. सुरुंगांच्या या अभ्यासक्रमात एक वर्ग रोगप्रतिबंधाचा असायचा. पाणी उकळा, मच्छरदाणी लावा, हात धुवा, इथपर्यंत सगळे वहीत लिहून घ्यायचे. मग एचआयव्हीचा विषय निघाला की एकजात सगळे छताचा पंखा बघायला लागायचे. तो वर्ग निवृत्तीनंतर कंत्राटावर आम्रपालीबाईंकडे होता.

पंख्यावरची नजर खाली आणायला त्यांनी एक उपाय शोधला होता. घरच्या खलबत्त्यातला लाकडी बत्ता त्या पिशवीतून काढून टेबलावर उभा करायच्या आणि निरोध कसा चढवायचा ते त्यावर दाखवायच्या. मोठमोठे कॅप्टन आधी लाजायचे, मग हसायचे, मग शिकायचे. समाधानरावांनी घरात दुसरा बत्ता आणला, कारण पहिल्याची चटणी त्यांच्या घशाखाली उतरेना.

पण खरी गोष्ट बत्त्याची नाही, एका शब्दाची आहे.

सुरुवातीच्या वर्षांत बाई वर्गाच्या शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवायच्या: तुमची तपासणी 'कॉन्फिडेन्शियल' राहील. या, बोटाचा एक थेंब द्या, पंधरा-वीस मिनिटांत निकाल घ्या. आणि कुणी यायचं नाही. बाई त्या खोलीत चाचणीच्या पट्ट्या मांडून बसायच्या आणि वर्तमानपत्रातलं कोडं सोडवून घरी जायच्या. एकदा एका तरुण लेफ्टनंटनं जाता जाता विचारलं, "मॅडम, फक्त कॉन्फिडेन्शियल का? टॉप सीक्रेट का नाही?"

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इस्पितळात त्या शब्दाचा अर्थ 'कुणालाही नाही'. पण ही सगळी फौजेची माणसं. त्यांच्या लेखी कॉन्फिडेन्शियल ही फायलीची एक पायरी, आणि तीही खालची. तिच्यावर सीक्रेट, त्याच्यावर टॉप सीक्रेट. कॉन्फिडेन्शियल फाईल कारकून बांधतो, साहेबाच्या हाताखालचा ॲडज्युटंट उघडतो, साहेब वाचतो आणि पुढं पाठवतो, हे जगातल्या कुठल्याही फौजेतल्या पोराला मिसरूड फुटण्याआधी ठाऊक असतं. म्हणजे बाई त्यांना दरवर्षी इंग्रजीत सांगत होत्या की या, तुमचा निकाल आम्ही तुमच्या साहेबाला वाचायला देऊ.

त्या दिवशी बाईंनी तो शब्द पडद्यावरून कायमचा पुसला. त्याच्या जागी त्या नुसता हात वर करायच्या. तर्जनी आणि मधलं बोट उभं, बाकीची मिटलेली. "यू अँड मी," एकेक बोट हलवून त्या म्हणायच्या, आणि अनामिकेवर अंगठा दाबून, "नो थर्ड." तू आणि मी. तिसरा नाही.

पुढच्या तुकडीपासून खोलीबाहेर रांग लागली.

यंदाच्या तुकडीतही लागली. एका संध्याकाळी त्यातल्या एकाच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. बाईंनी त्याला शहरातल्या सरकारी केंद्रात नेऊन पक्की तपासणी करून घेतली. निकाल तोच आला आणि गोळ्या सुरू झाल्या; त्यांची डबी तो शर्टाच्या खिशात ठेवायचा. तो माणूस धडधाकट होता, पहाटे सगळ्यांबरोबर पळत होता आणि सुरुंगाच्या परीक्षेत वरच्या नंबरात होता. त्यानं बाईंना एवढंच सांगितलं, "मॅडम, हे बाहेर गेलं तर मला पुढच्या विमानानं परत पाठवतील. माझी वर्दी जाईल. आणि माझ्या गावात बातमी माझ्या आधी पोचेल."

बाईंनी दोन बोटं वर केली. त्यानंही केली.

आणि नेमके त्याच महिन्यात संस्थेत नवे प्रमुख आले. कर्नल रंगराव मोहिते. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कर्नलसाहेब नीटनेटके, मृदू बोलणारे, कागदावर जीव असलेले होते. पंधरवड्यावर पाहणी आली होती. दिल्लीची माणसं आणि मित्रदेशांच्या दूतावासांची माणसं वर्गात बसून बघणार होती. साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं.

"या ओव्हाळ मॅडम, बसा. चहा?"

"चहा नको सर. काम सांगा."

"पहिली गोष्ट म्हणजे ते... आपलं ते लाकडी."

"बत्ता."

"हां, तेच. बाहेरचे पाहुणे असणार. बरं दिसत नाही."

"बत्ता नको तर आपली छडी देता का सर? लांबीला जरा अंमळ जास्त आहे, पण चालवून घेऊ."

साहेबांनी टेबलावरची छडी हळूच उचलून मागच्या खुर्चीवर ठेवली. "बरं, बत्ता राहू द्या," ते म्हणाले. "दुसरी गोष्ट महत्त्वाची. आपण या मुलांच्या तपासण्या करतो. पट्ट्यांचा खर्च दिसतोय, निकाल कुठंच दिसत नाहीत. परत जाताना प्रत्येकाबरोबर आरोग्याचा अहवाल द्यावा म्हणतो. विशेषतः त्या दोन-तीन देशांच्या मुलांचा. आपल्याला कल्पना असेलच."

"नाही, मला कल्पना नाही. आजार पासपोर्ट बघून चढतो असं आमच्या अभ्यासात नव्हतं. आपल्या काळी होतं का?"

"मॅडम, तसं नाही. त्यांच्या देशांनी विश्वासानं मुलं पाठवलीत. त्यांना सांगायला नको?"

"मुलांनी विश्वासानं बोटं पुढं केलीत. त्यांना विचारायला नको? दोन हजार सतराचा एचआयव्हीचा कायदा आहे सर. ज्याचा निकाल, त्याच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही."

साहेब हसले. समजूतदार माणूस हसतो तसे. "मी कुठं चव्हाट्यावर मांडा म्हणतोय? अगदी कॉन्फिडेन्शियल राहील."

"म्हणजे किती जणांत?"

"फक्त संबंधितांत."

"संबंधित कोण कोण?"

"मी. ॲडज्युटंट. प्रशिक्षण शाखा. दिल्लीचा कक्ष. मग त्यांचा दूतावास, आणि पुढं त्यांचं मंत्रालय."

"एवढी माणसं आहेत तर मंगल कार्यालयच बघा की सर. विश्रांतवाडीत चांगली आहेत, जेवणासकट."

आता मात्र साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "निकालांची यादी मला सोमवारी हवी," ते म्हणाले. "आणि पाहणीच्या दिवशी पडद्यावर नीट शब्द दिसू द्या. कॉन्फिडेन्शियल. ती बोटंबिटं नकोत. पोरखेळ वाटतो."

"यादी कागदावर नाहीच. माझ्या डोक्यात आहे," बाई उठत म्हणाल्या. "डोकं सोमवारी घेऊन येईनच. त्यातून काढून घेता आली तर बघा."

बाहेर पडून त्या तडक घरी निघाल्या.  

घरी त्यांनी समाधानरावांना सगळं सांगितलं. समाधानरावांनी शेंगा सोलत सगळं ऐकून घेतलं.

"देऊन टाक की कायतरी," ते म्हणाले. "सगळ्यांपुढं 'निरोगी' लिही आणि मोकळी हो."

"मी खोटं लिहू? आणि एकदा यादी द्यायची पद्धत पडली की पुढच्या वर्षी माझ्या जागी बसणारी खरं लिहील. तेव्हा काय?"

"मग कंत्राट जाईल."

"जाऊ दे. मी काय त्यांच्या घरी भांडी घासते?"

समाधानरावांनी शेंगांची टरफलं गोळा केली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आहे का त्यात कुणी तसा?"

बाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. "अहो, तुम्ही तिसरे."

"मी नवरा आहे तुझा!"

"म्हणून तर पहिल्यांदा नीट सांगितलं. दुसऱ्यांदा विचारू नका."

त्या रात्री जेवताना बाईंचं लक्ष ताटात नव्हतं. नव्यानं लेफ्टनंट झालेल्या असताना एका इस्पितळात त्यांनी एचआयव्हीची लागण झालेला एक जवान पाहिला होता. त्याचा कागदही गोपनीयच होता. पण स्वयंपाकघरात कुणीतरी त्याच्या ताटाच्या काठाला लाल रंगाचा ठिपका लावला, चुकून दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. गोपनीय कागद कुणी वाचला नाही, ठिपका मात्र साऱ्या वॉर्डनं वाचला. बाईंनी ते ताट उचलून त्यात स्वतः वरणभात खाल्ला आणि त्याबद्दल मेट्रनच्या शिव्याही खाल्ल्या. जवान रजेवर गावी गेला, गावातही ठिपका पोचलेला होता, आणि त्यानं औषधं सोडली. तो वाचला नाही. आजी यमुनाबाई छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेच्या आधीच्या गोष्टी सांगायच्या, त्यांत वेगळी वाटी, वेगळा माठ, लांबून ओतलेलं पाणी असायचं. त्या सांगायच्या, "पोरी, आपण ते सगळं सोडून बाहेर आलो. आता आपल्या हातानं दुसऱ्या कुणाची वाटी वेगळी काढायची नाही." बाईंचा सगळा धर्म एवढ्यात मावत होता, आणि त्यात त्यांना कुठल्या कर्नलची दुरुस्ती नको होती.

सोमवारी त्यांनी डोकं नेलं आणि तसंच परत आणलं. साहेबांनी पुन्हा मागितलं, बाईंनी पुन्हा नाही म्हटलं. साहेब म्हणाले, पाहणी होऊन जाऊ दे, मग बघतो.

पाहणीचा दिवस उजाडला. वर्गात मागच्या ओळीत पाहुणे बसले: दिल्लीहून आलेल्या एक सहसचिव बाई, पांढऱ्या केसांच्या, कडक इस्त्रीची साडी नेसलेल्या, आणि चार-पाच दूतावासांचे लष्करी प्रतिनिधी. कर्नल मोहिते दाराजवळ बसले. पुढं सगळी तुकडी. बाईंनी पाणी शिकवलं, डास शिकवले. मग पिशवीतून बत्ता काढला. मागच्या ओळीत एक जण खोकला, पण सहसचिव बाईंनी चष्मा नीट करून लक्ष दिलं, त्यामुळं बाकीच्यांनाही द्यावं लागलं.

मग पडद्यावर शेवटचं पान आलं. साहेबांच्या कार्यालयातून तयार होऊन आलेलं. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा शब्द: कॉन्फिडेन्शियल.

साहेबांनी समाधानानं मान हलवली.

बाईंनी छताकडं बघितलं, एक श्वास घेतला, आणि तुकडीच्या म्होरक्याला उभं केलं. कॅप्टन तुमेलो; उंच, शिस्तीचा, प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय खाली न बसणारा गडी.

"कॅप्टन, हा शब्द फौजेत काय सांगतो? वर्गाला समजावून सांगा."

कॅप्टन तुमेलो सावधानमध्ये उभा राहिला. पाठ केलेला धडा म्हणावा तसं त्यानं सांगितलं, "मॅडम, हा वर्गीकरणाचा खालचा दर्जा आहे. असा कागद ज्यांना कामासाठी कळणं आवश्यक आहे, त्या सर्वांना दाखवता येतो. कारकून, ॲडज्युटंट, प्रमुख अधिकारी, मुख्यालय, मंत्रालय."

"आणि तुमच्या रक्ताच्या निकालावर हा शिक्का असेल तर?"

तुमेलो थांबला. त्यानं एकदा दाराकडं बघितलं. "तर मॅडम, मी तपासणीला येणार नाही."

"दुसरं कुणी येईल?"

कुणी हललं नाही. पंखा तेवढा फिरत होता, आणि आज त्याच्याकडं कुणीच बघत नव्हतं.

"ऐकलंत?" बाई आता मागच्या ओळीशी बोलत होत्या, आणि आवाज चढला होता. "मी या वर्गात एकच गोष्ट शिकवते. आजार लपवल्यानं वाढतो. आमच्याकडं म्हणतात, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. ही मुलं उद्या आपल्या देशात जाऊन आपापल्या जवानांना हेच शिकवणार. ती इथून काय घेऊन जाणार? की डॉक्टरकडं जा, म्हणजे साहेबाला कळेल? मग हा वर्ग बंद करा आणि त्या वेळात आणखी एक पूल बांधा. पूल तरी उभा राहील. या तुकडीतल्या मुलांनी माझ्या शब्दावर बोटं पुढं केली. त्यांचे निकाल माझ्याकडून मागितले आहेत. मी ते दिलेले नाहीत, आणि देणार नाही. आज नाही, उद्या नाही, मला इथून काढलंत तरी नाही. हा शब्द माझा नव्हे. माझा शब्द हा आहे."

त्यांनी यंत्र बंद केलं. पडदा पांढरा झाला. मग हात वर केला, दोन बोटं उभी धरली आणि अनामिकेवर अंगठा दाबला.

दाराजवळ कर्नल मोहिते उभे राहिले होते. त्यांनी काही बोलायच्या आत सहसचिव बाईंनी दाराकडं वळून विचारलं, "कर्नल, अशी यादी आपल्याकडे आहे?"

"नाही मॅडम. अजून नाही."

"उत्तम. करूही नका." आणि त्या चष्मा पुसायला लागल्या.

यादी टळली. पण चारचौघांत झालेली शोभा कुठला साहेब विसरतो? तो आठवडा संपायच्या आत बाईंना कळवण्यात आलं की रोगप्रतिबंधाचा वर्ग यापुढं संगणकावर घेतला जाईल, आणि त्यांच्या सेवेबद्दल संस्था आभारी आहे. पास परत द्यायला त्या शेवटच्या गेल्या तेव्हा कर्नलसाहेब स्वतः व्हरांड्यात आले. 

"मॅडम," साहेब हळू आवाजात म्हणाले, "आता यादीचा प्रश्न मिटलाय. कुणाचं नाव नको. त्यात कुणी होतं का, एवढंच सांगा. माझ्यापुरतं."

बाईंनी पास त्यांच्या हातावर ठेवला. "सर, आपण तिसरे."

त्या फाटकाबाहेर पडल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. नोकरीसाठी नाही. वर्ग त्यांना आवडायचा; पंख्याकडं बघणारी ती पोरं आवडायची; आणि आता एक यंत्र त्यांना 'पुढचं पान दाबा' म्हणणार होतं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी ते रिक्षातच रडून घेतलं आणि विश्रांतवाडीत उतरेपर्यंत तोंड पुसून टाकलं.

अभ्यासक्रम संपला. संचलन झालं, पदकं वाटली गेली, आणि कुणालाही मधूनच विमानात बसवलं गेलं नाही. तुकडी परत निघाली त्या सकाळी बाई आणि समाधानराव भाजी घेऊन विश्रांतवाडीच्या चौकात उभे होते. खडकीहून विमानतळाकडं जाणारी बस तिथूनच जाते, हे बाईंना ठाऊक नव्हतं असं समाधानरावांना अजिबात वाटलं नाही. अर्धा तास त्या एकाच कोथिंबिरीच्या जुडीकडं बघत होत्या.

सिग्नल लाल झाला आणि लष्करी बस बरोबर त्यांच्यासमोर थांबली. आधी एका खिडकीतून हात बाहेर आला. दोन बोटं उभी, अनामिकेवर अंगठा. मग दुसऱ्या. मग बसची सगळी बाजू हातांनी भरून गेली. बेटावरचे, वाळवंटातले, बर्फातले, सगळे. कॅप्टन तुमेलो तर दारात उभा राहून सावधानमध्ये दोन बोटं धरून होता. बाईंनी कोथिंबिरीची जुडी नवऱ्याच्या हातात कोंबली आणि हात उंच केला.

शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. "काय हो काका, कुठली मॅच जिंकली यांनी?"

"काय की," समाधानराव म्हणाले. "घरात मला कुणी काही सांगत नाही."

सिग्नल हिरवा झाला. बस हलली तेव्हा एका खिडकीतल्या हातानं बोटं मिटली, शर्टाच्या खिशावर दोनदा हलकेच थाप मारली आणि पुन्हा दोन बोटं वर केली. बाईंनी मान हलवली. बस वळणाआड गेली तरी त्यांचा हात तसाच वर होता.

"आम्रपाली," समाधानरावांनी अगदी हळू विचारलं, "तो कितव्या खिडकीतला होता गं?"

बाईंनी उत्तर दिलं नाही, जुडी परत घेतली आणि चालायला लागल्या. आणि वाचणाऱ्यांनीही आता मागं जाऊन खिडक्या मोजायचा खटाटोप करू नये. ती खिडकी इथं मुद्दामच लिहिलेली नाही. तिसरा नाही म्हणजे नाही.